डोस दुप्पट झाला, तरी टीएसएच उतरेना: थायरॉक्सिनच्या गोळीचं एक प्रकरण

वजन 58 किलो, थायरॉक्सिनचा रोजचा डोस 150 मायक्रोग्रॅम आणि टीएसएच 13.4. हे तीन आकडे एकाच केसपेपरवर शेजारी शेजारी दिसले, की पेन हातात घेण्याआधी थांबायला हवं. थायरॉक्सिन म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं हॉर्मोन, इथे गोळीच्या रूपात. टीएसएच म्हणजे मेंदूतल्या ग्रंथीकडून थायरॉईडला जाणारा हुकूम; थायरॉक्सिन कमी पडलं की तो चढतो. थायरॉईड ग्रंथी पूर्ण निकामी झाली असली, तरी माणसाला साधारण किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन पुरतं. 58 किलोला हा हिशेब 93 च्या आसपास येतो. या बाई त्याच्या दीडपटीहून जास्त घेत होत्या आणि रक्त सांगत होतं की औषध कमी पडतंय. गोळी पोटात जात असेल, तर ती रक्तात का पोचत नाही, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर डोस वाढवून मिळणार नव्हतं.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. थायरॉईडच्या रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते उभं केलं आहे. आकडेही त्याच हेतूने घेतले आहेत.

पूर्वेतिहास

वय 42. तीन वर्षांपूर्वी थकवा आणि वाढतं वजन यासाठी तपासणी झाली, तेव्हा टीएसएच 22 आणि थायरॉईडविरोधी अँटिबॉडी खूप वाढलेल्या होत्या. म्हणजे हाशिमोटो: शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू मंदावते. 75 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. दोन वर्षं टीएसएच 2 ते 3 च्या मध्ये राहिला. सगळं सुरळीत होतं.

मग पाळीत अंगावरून जास्त जायला लागलं. सोनोग्राफीत काही निघालं नाही, पण हिमोग्लोबिन 9.1 आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन 6 आलं. लोहाची गोळी सुरू झाली, सोबत कॅल्शियम. लोहाने पोटात जळजळ व्हायला लागली म्हणून आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल आलं. तीन महिन्यांनी टीएसएच 11.8 झाला आणि थायरॉक्सिन 100 केलं. पुढचा रिपोर्ट 9.6 आला, म्हणून 125. त्यानंतर एकदा अचानक टीएसएच 0.9 आणि फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन, वाढलेलं आलं. डोस जास्त झाला असं समजून तो पुन्हा 100 वर आणला. दोन महिन्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत टीएसएच 15.2 निघाला. मग 125, मग 150.

या काळात केस गळत होते, पोट साफ होत नव्हतं, पायऱ्या चढताना दम लागत होता. वर्षभर लोह घेऊनही हिमोग्लोबिन 9.4 वरच अडकलं होतं. एलडीएल कोलेस्टेरॉल 172 झालं होतं आणि त्यासाठी आणखी एक गोळी सुरू करायचं घाटत होतं. थायरॉईड कमी असताना कोलेस्टेरॉल चढतंच. थायरॉईड जागेवर येईपर्यंत त्या आकड्यावरून काही ठरवणं बरोबर नव्हे, म्हणून तो विषय तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

पहिल्या एका तासाची चौकशी

"गोळी कशी घेता?" या प्रश्नाला त्यांचं उत्तर तयार होतं: "रोज सकाळी, अनशापोटी. एकही दिवस चुकवत नाही." हे उत्तर शंभर टक्के खरं होतं, आणि तरीही त्यातून काहीच कळत नव्हतं. अनशापोटी म्हणजे काही खाण्याआधी, एवढंच बहुतेकांच्या मनात असतं. गोळीनंतर किती वेळ काही घ्यायचं नाही आणि तिच्यासोबत काय गिळायचं नाही, हे त्यात कुठेच येत नाही. म्हणून प्रश्न बदलायला लागतो. "काल सकाळी जाग आल्यापासून पहिला तास मला जसा घडला तसा सांगा," असं विचारलं की लोक मनापासून आणि तपशिलात सांगतात.

त्यांनी सांगितलं. उठल्या, तोंड धुतलं, गोळ्यांच्या डबीतला सकाळचा कप्पा उघडला, सगळ्या गोळ्या एकदम पाण्याबरोबर घेतल्या. तोवर कॉफी उकळत आली होती. ती घेतली आणि अर्ध्या तासात नाश्ता करून कामाला निघाल्या. "सगळ्या एकत्र घेतल्या की विसरायला होत नाही."

डबी पर्समध्येच होती. उघडून पाहिली. सात दिवसांचे कप्पे, आणि प्रत्येकाच्या सकाळच्या भागात चार गोळ्या: थायरॉक्सिनची छोटी पांढरी, लोहाची तपकिरी-लाल, कॅल्शियमची लांबट मोठी आणि पँटोप्राझोलची पिवळी. एका कप्प्यात लोहाच्या गोळीचा रंग घासून थायरॉक्सिनच्या पांढऱ्या कडेवर उतरला होता. पोटात काय होत होतं ते डबीतच दिसत होतं. खालच्या कप्प्यात एक कॅप्सूलही होती. ती कुणी लिहून दिलेली नव्हती. केस गळतात म्हणून त्यांनी स्वतःच आणली होती: बायोटिन हे जीवनसत्त्व, 10 मिलिग्रॅम.

या डबीतली प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर तिला कारण होतं. रक्त कमी, म्हणून लोह. जळजळ, म्हणून पँटोप्राझोल. प्रत्येक चिठ्ठीवर "सकाळी" असंच लिहिलेलं होतं. रुग्णाने सांगितलं तसंच केलं, उलट काटेकोरपणे केलं. चारही गोळ्या एकत्र पाहणारं मात्र कुणी नव्हतं. असं घडलं की दोष रुग्णाकडे जातो, "नीट घेत नसाल" असं म्हटलं जातं, आणि मला ते फार अन्यायाचं वाटतं.

पोटात काय घडत होतं

थायरॉक्सिन लहान आतड्यातून शोषलं जातं. रिकाम्या पोटीसुद्धा सगळं जात नाही. साधारण 60 ते 80 टक्के जातं. डोसही मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहालक्षाव्या भागांत मोजायचा. त्यामुळे शोषणात थोडी घट झाली तरी रक्तात लगेच दिसते. फ्री टी-फोर जरासं उतरलं की टीएसएच कित्येक पटींनी चढतो, म्हणून रिपोर्टमधली उडी पाहून छातीत धस्स होतं.

लोह आणि कॅल्शियम आतड्यातच थायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि ते न शोषता पुढे निघून जातं. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, व्यवस्थित डोसवर असलेल्या 14 रुग्णांना 12 आठवडे थायरॉक्सिनसोबतच लोहाची गोळी दिली होती. सरासरी टीएसएच 1.6 वरून 5.4 वर गेला. डोस तोच, फक्त सोबत बदलली होती. 2000 साली कॅल्शियम कार्बोनेटबद्दल असाच, जरा सौम्य परिणाम दिसला. म्हणून या दोन्हींमध्ये आणि थायरॉक्सिनमध्ये निदान चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह आणि कॅल्शियम असतं, हे लक्षातून निसटतं. ॲसिडिटीची पातळ औषधं, कोलेस्टेरॉलसाठीचं कोलेस्टायरमीन, अल्सरसाठीचं सुक्रालफेट, किडनीच्या रुग्णांना दिलं जाणारं सेवेलामर हीदेखील याच यादीतली.

कॉफी वेगळी. तिच्याबद्दल इटलीतल्या संशोधकांनी 2008 साली लिहिलं: गोळीबरोबर किंवा लगेचच नंतर कॉफी घेतली की शोषण कमी होतं, आणि मध्ये तासाभराचं अंतर ठेवलं की अडचण मिटते. पँटोप्राझोल आणि त्याच्या जातीची औषधं पोटातलं आम्ल कमी करतात. गोळी नीट विरघळायला आम्ल लागतं, त्यामुळे तिथेही थोडी खोट येते. मात्र हा परिणाम दिवसभराचा असतो, वेळा बदलून तो टळत नाही.

आता या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं. थायरॉईड कमी पडलं की पाळीत रक्तस्राव वाढतो. रक्तस्राव वाढला की लोह कमी होतं, म्हणून लोहाची गोळी. ती थायरॉक्सिनला अडवते, थायरॉईड आणखी कमी पडतं, रक्तस्राव आणखी वाढतो. दुसरीकडे लोहाचं स्वतःचंही काही खरं नव्हतं. कॉफी, कॅल्शियम आणि कमी झालेलं आम्ल, तिन्ही त्याच्या आड येत होतं. वर्षभर लोह घेऊन हिमोग्लोबिन जागचं हललं नाही ते यामुळे. बाई रोज चार औषधं घेत होत्या आणि ती एकमेकांनाच खात होती.

तो एक चुकीचा रिपोर्ट

मध्येच आलेला 0.9 बुचकळ्यात टाकणारा होता. उत्तर कॅप्सूलमध्ये सापडलं. शरीराला बायोटिन दिवसाला सुमारे 30 मायक्रोग्रॅम पुरतं. 10 मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या तीनशेपटीहून जास्त. त्याने शरीराला इजा होत नाही, पण अनेक प्रयोगशाळांमधल्या तपासणीची रासायनिक पद्धतच बायोटिनवर उभी असते. रक्तात ते जास्त असलं, की टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-फोर खोटं जास्त दिसतं. म्हणजे हुबेहूब डोस जास्त झाल्याचं चित्र. त्या रिपोर्टवर विश्वास ठेवून डोस कमी झाला होता. दुसऱ्या प्रयोगशाळेची पद्धत वेगळी असणार, म्हणून तिथे खरा आकडा बाहेर पडला. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायचं असतं. केस गळणं थायरॉईड आणि लोहाच्या कमतरतेमुळेच होतं, त्यामुळे कॅप्सूल कायमचीच बंद केली.

डोस ठरवण्याआधी

डबीत कारण सापडलं म्हणून तपास तिथेच थांबवणं मला पटत नाही. डोसची गरज वाढलेली, आणि लोह देऊनही रक्त वाढत नाही, ही जोडी दिसली की सीलिॲक आजाराची तपासणी करायलाच हवी. त्यात आतड्याचं अस्तर खराब होतं आणि दोन्ही गोष्टी शोषल्या जात नाहीत. हाशिमोटोच्या रुग्णांमध्ये हा आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो. जठराच्या अस्तराचा ऱ्हासही तसाच, आणि तिथे बी-12 कमी होतं. या रुग्णाची सीलिॲकची रक्ततपासणी निगेटिव्ह आली, बी-12 ठीक होतं. बायोटिन आठवडाभर बंद ठेवून, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त घेतलं. टीएसएच 14.1, फ्री टी-फोर खालच्या मर्यादेच्याही खाली. दोन्ही एकमेकांशी जुळत होतं. एरवी टीएसएच वाढलेला आणि फ्री टी-फोर मात्र भरपूर असं दिसलं, तर गोळ्या बरेच दिवस चुकल्या आणि तपासणीच्या तोंडावर भरून काढल्या अशी शंका घ्यावी लागते. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी-फोर जरा चढलेलं असतं, म्हणून रक्त आधी द्यायचं आणि गोळी मग घ्यायची.

बदल

सकाळी गोळी घेऊन तासभर काही न घेणं हा नेहमीचा सल्ला. त्यांना मात्र उठल्यापासून पाऊण तासात घर सोडायचं असायचं. न जमणारा नियम देऊन तो मोडल्याबद्दल रुग्णाला बोलण्यात अर्थ नाही. त्यांचं रात्रीचं जेवण आठपर्यंत आटपत होतं आणि झोपायला अकरा वाजायचे. जेवणानंतर तीन तास गेले की रात्रीची गोळी चालते. नेदरलँड्समधल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर रात्री झोपताना घेतल्यावर टीएसएच थोडा अधिक चांगला उतरला होता. तेव्हा थायरॉक्सिन झोपताना, फक्त पाण्याबरोबर, आणि जेवणानंतर दूधसुद्धा नाही, असं ठरलं. गोळी डबीत न भरता मूळ पाकिटातच ठेवायची, कारण ऊब, दमट हवा आणि उजेड तिला सोसत नाही. डबी तर एरवी स्वयंपाकघरात शेगडीशेजारी असायची.

बाकीच्या गोळ्यांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवलं. कॅल्शियम "या वयात बरं" म्हणून दिलेलं होतं, आहारातून पुरेसं जात होतं, ते बंद झालं. लोह एक दिवसाआड केलं, दुपारी जेवणाआधी, नुसत्या पाण्याबरोबर. एक दिवसाआड दिलेल्या लोहातला जास्त हिस्सा शोषला जातो आणि पोटालाही त्रास कमी होतो. जळजळ ओसरली की पँटोप्राझोलचं कामच उरत नाही. ते टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं.

राहिला थायरॉक्सिनचा डोस, आणि सगळ्यात जपून टाकायचं पाऊल हेच. टीएसएच 14 असताना मी तो 150 वरून 100 केला. बाई दचकल्या. "रिपोर्ट एवढा वाढलाय आणि तुम्ही गोळी कमी करताय?" भीती रास्त होती. पण 150 ही मात्रा अडथळ्यांना पुरून उरावी म्हणून वाढत गेलेली होती. अडथळे काढून तीच ठेवली, तर काही आठवड्यांत रक्तात थायरॉक्सिन जास्त झालं असतं. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, आणि असंच दीर्घकाळ चाललं तर हृदयाचे ठोके अनियमित होणं, हाडं ठिसूळ होणं. गोळी "नीट" घ्यायला शिकवून डोस तसाच ठेवणं म्हणजे एक चूक दुरुस्त करताना दुसरी करणं. हे त्यांना आकड्यांसकट सांगितलं आणि त्यांना ते पटलं.

एखाद्या रात्री विसरलात तर, हेही त्यांनी विचारलं. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला जवळपास सात दिवस लागतात, त्यामुळे एका चुकलेल्या गोळीने काही बिघडत नाही. आठवेल तेव्हा, पोट रिकामं असताना घ्यायची. एक पूर्ण दिवस गेला तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालतं, असं त्यांना सांगितलं, कारण हृदयाचा काही त्रास नव्हता. ज्यांना तो आहे, त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

पुढचे महिने

सहा आठवड्यांनी टीएसएच 4.6 आला, फ्री टी-फोर व्यवस्थित. डोस थोडा वाढवावा असा मोह इथे होतो. तो आवरला. बरेच महिने चढलेला टीएसएच खाली यायला वेळ घेतो, फ्री टी-फोर आधी सावरतं. आणखी सहा आठवडे थांबलो. 1.1. तोवर पँटोप्राझोल पूर्ण सुटलं होतं आणि त्यानंतरच्या तपासणीत टीएसएच 0.3 वर उतरला. आम्ल परत आल्यावर शोषण वाढलं, हे अपेक्षितच होतं. डोस 88 केला. सुरुवातीच्या 75 पेक्षा हा थोडा जास्त आहे, आणि ते स्वाभाविक आहे: हाशिमोटोमध्ये ग्रंथीचं उरलंसुरलं काम वर्षागणिक कमी होत जातं. 88 वर टीएसएच 1.8 आहे.

पाळी आता पाच दिवसांत आटपते. हिमोग्लोबिन 12.1 झालं, फेरिटिन 28. एलडीएल 126, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी लागलीच नाही. पोट साफ होतं. केसांना वेळ लागेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

फेरिटिन अजून भरायचं आहे, त्यामुळे लोह काही महिने चालूच राहील. रक्तस्राव पुन्हा वाढला तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मनात हॉर्मोनच्या गोळ्या आहेत. त्यांत इस्ट्रोजेन असेल तर थायरॉक्सिनची गरज वाढू शकते, कारण रक्तातलं जे प्रथिन थायरॉक्सिनला बांधून ठेवतं त्याचं प्रमाण इस्ट्रोजेनने वाढतं. गरोदरपणात तर ही गरज पहिल्या काही आठवड्यांतच 25 ते 30 टक्क्यांनी वाढते. म्हणून पाळी चुकली आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कळवायचं, असं त्यांच्या फाईलवर पहिल्याच पानावर लिहिलं आहे. त्याच्याखाली दुसरी ओळ: कुठलीही नवी गोळी सुरू झाली किंवा जुनी बंद झाली, गोळीची कंपनी बदलली, तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत.